उदार जोडप्याच्या सामानाचा लिलाव

भांडणाऱ्या नवराबायकोची वाटणी कुणीही करून देईल. दोघं ओरबाडत असतात, आपण फक्त मध्ये उभं राहायचं आणि स्वतःचा शर्ट सांभाळायचा. पंचाईत होते ती समजूतदार माणसांत. माझी भाची आणि तिचा नवरा असे काही समजूतदार निघाले, की घटस्फोटाचा विषय काढायच्या दिवशीसुद्धा "तू आधी बोल", "नाही, तू बोल" करण्यात त्यांचा पाऊण तास गेला. भांडण नाही, मूलबाळ नाही, तिसरं कुणी नाही. "मामा, आमचं संपलंय, एवढंच," असं भाची मला म्हणाली, ते गॅस संपल्यासारखं. त्यात रडण्यासारखं काही मला दिसेना, म्हणून मी आणखी एक बिस्किट घेतलं.

घोडं अडलं होतं यादीवर. कोणती वस्तू कुणाची, याची यादी करून दोघांच्या सह्या आणा, असं वकीलबाईंनी सांगितलं होतं. त्याला तीन महिने झाले. जावई लिफ्ट तपासनीस. इमारतींच्या लिफ्टमध्ये किती माणसं मावतील हे ठरवणारा माणूस, त्याचं सगळं तोलूनमापून. त्याने यादी केली आणि सोफ्यापासून चिमट्यापर्यंत सगळ्यांपुढे भाचीचं नाव लिहिलं. भाची पोहायला शिकवते, तलावाच्या काठावरून ओरडून ओरडून तिचा आवाज खणखणीत झालाय, पण घरात तो कधी वापरला नाही. तिने सगळी नावं खोडून जावयाचं लिहिलं. त्याने ते खोडलं. अकराव्या यादीचा कागद मी उजेडात धरून पाहिला, तर पलीकडची भिंत दिसत होती.

जास्त घेईल तो वाईट ठरेल, अशी दोघांची धास्ती. ओरबाडण्याची चढाओढ असते तशी ही सोडून देण्याची चढाओढ होती, आणि ती अधिक हिंस्र होती.

सगळ्यात मोठा गुंता घराचा. चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, दोघांच्या नावावर, डोक्यावर कर्ज. कर्ज एकट्या भाचीच्या नावावर करून द्यायला बँक तयार झाली होती, तसं पत्रही हातात होतं. पण त्या पत्राची मुदत सोमवारी संपत होती. सोमवारी अकरा वाजता सह्यांची यादी कोर्टात गेली नाही, तर पत्र बाद. नव्या पत्रात व्याज वाढणार, ते भाचीच्या पगाराला झेपणार नाही, म्हणजे घर विकावं लागणार. जावई म्हणे, "माझा अर्धा हिस्सा सोडला, घर तिला फुकट घेऊ दे." भाची म्हणे, "मला कुणाचे उपकार नकोत, विकून टाका." आणि तिला ते घर हवं होतं! तोंडाने म्हणायची नाही, पण निघताना दाराच्या चौकटीवर असा हात फिरवायची, की माझ्यासारख्या दगडालाही कळावं.

शुक्रवारी वकीलबाईंनी मला फोन केला. "काका, मी चोर सोडवलेत, दरोडेखोर सोडवलेत. ही दोन भली माणसं मला आवरत नाहीत."

मी म्हणालो, "रविवारी दुपारी दोन तासांत वाटणी करून देतो."

शेजारी बसलेली आमची मंडळी, म्हणजे भाचीची मामी, म्हणाली, "तुम्ही? तुम्हाला साध्या चादरीची घडी घालता येत नाही."

चादरीचं सोडा. पस्तीस वर्षं बेवारस मालाचा लिलाव पुकारलेला माणूस आहे मी. तीनशे डाव्या पायाचे बूट एकाच गिऱ्हाइकाला विकलेत, उजवे नंतर येतील असं एकदाही न म्हणता. घर नसलेला दरवाजा विकलाय. एकदा तर मधल्या सुट्टीत डुलकी लागली आणि जागा झालो तेव्हा मी स्वतःच सत्तावीस नंबरचा माल म्हणून निम्म्या किमतीला गेलो होतो. ती बोली रद्द करताना कंपनीचे हाल झाले. असो. मुद्दा एवढाच, की माल कसा हलवायचा हे मला कुणी शिकवायला नको.

योजना इतकी सोपी होती, की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मामीच्या डब्यातली दोनशे बटणं मोजली. शंभर भाचीला, शंभर जावयाला. घरातल्या प्रत्येक वस्तूचा लिलाव पुकारायचा, बोली बटणांत. ज्याला जी वस्तू जास्त हवी, तो तिच्यावर जास्त बटणं घालेल. बटणं संपली की हौस संपली. याहून न्याय्य वाटणी त्या कोर्टाच्या बापालाही जमायची नाही.

पण हाडात मुरलेली सवय जात नाही. शनिवारी संध्याकाळी भाचीच्या इमारतीच्या फाटकावर मी एक कागद चिकटवला: "लिलाव. रविवार, दुपारी तीन. चौथा मजला. घरगुती सामान. बोली फक्त बटणांत." जाहिरात न देता केलेला लिलाव म्हणजे चोरीचा माल, हे मला माझ्या पहिल्या साहेबाने शिकवलं होतं. हा लिलाव दोनच माणसांचा आहे, हे फाटकावरून वळल्यावर माझ्या लक्षात आलं. पण कागद सुंदर चिकटला होता. काढवेना.

रविवारी पावणेतीनला मी आणि मामी धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोहोचलो. इमारतीला लिफ्ट नाही. दारात इमारतीचे सेक्रेटरी उभे होते, हातात फाइल.

"अर्ज कुठाय?"

"कसला?"

"इमारतीत लिलाव करायचा तर परवानगी लागते. दोन प्रतीत अर्ज. व्यवसाय की कौटुंबिक कार्यक्रम?"

"दोन्ही नाही हो," मी म्हणालो.

"मग 'इतर' मध्ये येईल. त्यासाठी कमिटीची मीटिंग बोलवावी लागते. पुढच्या महिन्यात पाहू."

"कौटुंबिक कार्यक्रम लिहा," जावई मागून म्हणाला. नियम दिसला की त्याच्या चेहऱ्यावर तेज येतं.

"प्रसंग?"

"घटस्फोट."

सेक्रेटरींनी तेही व्यवस्थित लिहिलं. मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "कार्यक्रम दरवर्षी होणार आहे का?"

"नाही," भाची म्हणाली. "यंदाच."

"मग साफसफाईची अनामत भरावी लागेल. दरवर्षीच्या कार्यक्रमाला माफ आहे."

हे उरकून आत गेलो, तर बैठकीच्या खोलीत चौदा माणसं. कागद वाचून आलेली. सोफ्यावर खालच्या मजल्यावरच्या काकू मांडी ठोकून बसलेल्या, मांडीवर लोणी ठेवायचा डबा, आणि डब्यात बटणं. मला म्हणतात, "बरं झालं लिलाव ठेवलात. माझ्या बहिणीच्या घटस्फोटात नुसती भांडणं झाली, बघायला काही नव्हतं." मग भाचीकडे वळून, "सोफा सोडू नकोस गं. नवरा परत मिळतो, असा सोफा मिळत नाही."

मी स्टुलावर चढलो. हातोडा आपटला. खोली शांत झाली, आणि खरं सांगतो, निवृत्तीनंतर सात वर्षांनी माझ्या छातीत पुन्हा काहीतरी हललं.

"माल नंबर एक! फ्रिज! दोन दारांचा, दिवा चालू, आवाज थोडा आहे, पण सोबत होते! बोला!"

भाचीने जावयाकडे पाहिलं, जावयाने भाचीकडे.

"तिला द्या," जावई म्हणाला. "मी बाहेरच जेवतो."

"त्यालाच द्या," भाची म्हणाली. "गार पाण्याशिवाय त्याचं चालत नाही."

"द्या नाही म्हणायचं! बोली लावायची! एक बटण तरी?"

दोघं बटणं मुठीत धरून एकमेकांकडे पाहत सौजन्याने हसली. मला घाम फुटला. पस्तीस वर्षांत माझा माल बोलीवाचून पडलेला नाही. कोपऱ्यात मामी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ती चादर स्पष्ट दिसत होती.

तेव्हा माझ्या हातून ते पाप घडलं. आमच्या धंद्यात जे शिकवत नाहीत आणि सगळ्यांना येतं. समोर कुणी बोलत नसलं, की लिलाववाला मागच्या भिंतीकडे बोट दाखवतो आणि भिंतीने बोली लावली असं धरून पुढे जातो. गिऱ्हाईक बिचकतं, माल हलतो. मी खिडकीजवळच्या भिंतीकडे बोट केलं.

"तिकडून पाच! पाच बटणं!"

"कोण?" भाची वळून पाहू लागली.

"सात!" काकू ओरडल्या.

"काकू, तुम्ही नाही! ही आमची घरातली..."

"फाटकावर तसं लिहायचं होतं मग."

आता लिलाववाला म्हणजे उतारावरचा टांगा. भिंत नऊ म्हणाली. काकू बारा. मी भिंतीला पंधरावर नेलं, वाटलं काकू थांबतील. काकू थांबणाऱ्या नव्हत्या. "तेवीस! आणि यातली चार पितळी आहेत!" आणि माझ्या हाताने, माझ्या मनाला न विचारता, हातोडा आपटला.

"तेवीस! गेला!"

हातोडा पडला की विषय संपला, हे माझं आयुष्यभराचं वाक्य. काकूंनी आपल्या दोन थोराड मुलांना हाक मारली. त्यांनी फ्रिज उचलला, आतल्या दुधासकट. जिन्यातून बाटल्यांचा किणकिणाट उतरत गेला.

"मामा," भाची हळू आवाजात म्हणाली, "आमचा फ्रिज गेला."

"वाटणी सोपी झाली," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग लोकांना चव लागली. सोफा काकूंनीच घेतला, उठायचा कंटाळा आला होता म्हणून. कपाट पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने घेतलं. शिंपी लिलावात बटणांनिशी उतरला तर बाकीच्यांनी काय करावं? आरडाओरडा झाला. कुणी घरी जाऊन कोटाची बटणं तोडून आणली. एका गृहस्थाने बसल्या जागी शर्टाची वरची दोन काढली, आणि पुस्तकांच्या मांडणीसाठी खालची चार. तुम्हाला खोटं वाटेल, पण साडेतीनच्या सुमारास त्या खोलीत एकही माणूस धड बंद नव्हता. सेक्रेटरी तेवढे नीट होते. त्यांच्या शर्टाला चेन होती. आणि भाची-जावई? घर डोळ्यांदेखत जिन्याने उतरतंय, आणि ही दोघं "जाऊ दे, तुला नको असेल तर", "मला कशाला, तू बघ" यातच. दोनशे बटणं जशीच्या तशी मुठीत.

"माल नंबर नऊ," मी पडेल आवाजात म्हणालो. घसा बसला होता आणि अब्रूही. "टेबल. लाकडी, तीन खणांचं, खिडकीखालचं."

"दहा," सेक्रेटरी म्हणाले. पाकिटातून त्यांनी मोजून दहा बटणं काढली. पावतीसह.

भाचीने बटणांची मूठ आवळली. तिचा चेहरा पाहून जावई चटकन म्हणाला, "जाऊ दे, तिला अडचणच होते त्याची. सेक्रेटरीसाहेब, घ्या तुम्ही."

"दहा एक वार," मी म्हणालो. "दहा दोन वार..."

"मला हवंय!"

तलावाच्या काठावरचा आवाज होता तो. पलीकडच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडली. भाचीने शंभरच्या शंभर बटणं टेबलावर ओतली, निम्मी घरंगळत पार सेक्रेटरींच्या चपलेखाली गेली.

"मला हवंय ते टेबल! अडचण होते असं कधी म्हणाले मी? नऊ वर्षं त्यावर तुझी हत्यारं पडलीत! मी जमिनीवर बसून तलावावरच्या मुलांचे तक्ते लिहिते!"

"मग सांगायचंस ना," जावई गांगरून म्हणाला.

"तू विचारायचंस ना!"

"मी विचारलं की तू 'तुला हवं ते' म्हणतेस!"

"तुला बरं वाटावं म्हणून!"

खोलीत टाचणी पडली असती तरी बोली समजून मी ती घेतली असती. काकू सोफ्यावर पुढे सरकल्या. जावयाचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला, आणि मग त्याने ते वाक्य उच्चारलं ज्यासाठी माझ्या मते त्याला नऊ वर्षं लागली.

"मग मला गाडी हवी!"

"घे!"

"घे म्हणू नकोस! भांड! गाडी दोघांची आहे!"

"बरं, नाही देत! टेबल आणि गाणी लावायची पेटी मला दे, तर गाडी घे!"

"पेटी माझी आहे! टेबल दिलं, पेटी नाही!"

"मग गाडीच्या डिकीतली माझी छत्री काढून दे!"

मी स्टुलावरून उतरलो. मामीने माझ्या हातातून हातोडा काढून घेतला आणि कागद पेन्सिल दिली. "लिहा," ती म्हणाली. "तुमचं काम आता कारकुनाचं." मी लिहू लागलो. टेबल, तिला. गाडी, त्याला. हत्यारं, त्याला, आजच्या आज उचलून. शेजारी माना डोलवत होते. मधूनच काकू सल्ला देत होत्या, "इस्त्री विसरू नकोस," आणि भाचीने नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना "काकू, गप्प बसा" म्हटलं. काकूंना ते फार आवडलं.

मग घर आलं. सगळे एकदम थांबले.

जावई खाली पाहत म्हणाला, "घराचा माझा हिस्सा मी..."

"सोडतोस म्हणालास तर बघ," भाची म्हणाली. "मला हे घर हवंय. या खिडकीसकट. पण विकत हवंय. कर्ज जाऊन जे उरेल त्याचा अर्धा तुझा, पैन् पै घे. दोन हप्त्यांत देते. उद्या मला या घरात ताठ बसायचंय."

जावयाने मान वर केली. मग म्हणाला, "घेतो. मला ते पैसे हवेत. दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये भागीदारी मिळतेय. मागायला लाज वाटत होती." पुढे म्हणाला, "आणि खरं सांगू? मला हे घर कधीच आवडलं नाही. मी लिफ्टचा माणूस. दिवसभर लोकांना वर पोहोचवतो आणि संध्याकाळी चार मजले पायी चढतो. सहकारी हसतात मला."

"मग घेतलंस कशाला?"

"तुला आवडलं म्हणून!"

"मला वाटलं तुला आवडलं!"

आणि दोघं हसायला लागली. आता तुमच्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. काकूंच्याही आलं. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "जुळलं गं बाई! परत जुळलं!"

"नाही हो," दोघं एका सुरात म्हणाली, आणि इतक्या मोकळ्या आवाजात, की काकूंचा रुमाल हवेतच राहिला. जुळत नव्हतं तेच तर आत्ता कळलं होतं त्यांना, नीट, कारणासकट.

उरला प्रश्न विकल्या गेलेल्या मालाचा. मी वकीलबाईंना फोन लावला आणि फ्रिज, सोफा, कपाट, मांडणी शेजाऱ्यांकडे गेल्याचं कबूल केलं.

"दोघांचा विरोध होता?" त्यांनी विचारलं.

"नाही. 'जाऊ दे' म्हणाले."

"म्हणजे संमतीने दिलं. घरात नसलेली वस्तू वाटावी लागत नाही. रेघ ओढा. यादी केवढी राहिली?"

"एका पानाची."

"काका," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज भरून आला होता असं मी छातीठोकपणे सांगतो, "माझ्या बाकीच्या पक्षकारांकडेही या ना एकदा."

सव्वापाचला सह्या झाल्या.

सोमवारी पावणेअकराला कोर्टाच्या खिडकीवर कारकुनाने कागद हातात घेऊन भुवया चढवल्या. "मालाचं वर्णन नियमाप्रमाणे हवं. इथे 'टेबल, तिला हवंच होतं' असं कुणी लिहिलंय?"

"मी," मी म्हणालो.

"'इस्त्री, त्याला, पण कुरकुर करून'?"

"तेही मीच. जसं घडलं तसं लिहिलं."

घड्याळात सात मिनिटं उरली होती. कारकून म्हणाला, नव्याने टाइप करून आणा. टाइपवाला फाटकाबाहेर, त्याच्यापुढे रांग. भाचीचा चेहरा उतरला. तेव्हा जावई पुढे झाला. नियमांत तरबेज माणूस, त्याने शांतपणे विचारलं, "वर्णन जास्त असल्यास कागद परत करावा, असा नियम आहे की कमी असल्यास?" कारकुनाने पुस्तक उघडलं. पान सापडायला पाच मिनिटं लागली. नियम कमीचा होता. शिक्का बसला तेव्हा अकराला दोन मिनिटं होती, आणि मी भिंतीला टेकलो. भिंत या खेपेला काही बोलली नाही.

न्यायाधीशबाईंनी यादी संपूर्ण वाचली. दोन जागी तोंडावर हात धरला. मग दोघांना विचारलं, "वाटणीवर समाधानी आहात?"

"तसं पूर्ण नाही," भाची म्हणाली. "पेटी त्याने नेली."

"छत्री तिला दिली, पण चांगली होती," जावई म्हणाला.

"म्हणजे वाटणी बरोबर झाली," असं म्हणून त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर जावई भाचीला म्हणाला, "सोडू का घरापर्यंत? गाडी माझी आहे." भाची म्हणाली, "नको, चालत जाते. घर माझंय." आणि दोघं दोन दिशांना गेली, शाळा सुटल्यासारखी.

पंधरा दिवसांनी मी तिच्याकडे गेलो. चार मजले चढून जीव घशाशी आला होता. दार उघडलं, तर खोली अशी मोकळी, की माझा खोकला तीनदा ऐकू आला. खिडकीखाली टेबल, त्यावर तलावाच्या मुलांचे तक्ते पसरलेले, आणि टेबलापाशी एक नवी खुर्ची. सगळ्या घरात बसायला तेवढंच.

"ये मामा," ती म्हणाली, आणि मी पाठ टेकायच्या ओढीने खुर्चीकडे निघालो. वयाचा मान म्हणून काही असतो.

माझ्याआधी ती जाऊन खुर्चीत बसली.

"एकच आहे," ती म्हणाली, "आणि ती मला हवीये."

मी तिच्याकडे पाहिलं. ती लाजली नाही, उठली नाही, 'तुला हवी असेल तर' म्हणाली नाही. मी पस्तीस वर्षांचा अनुभव, सात वर्षांची निवृत्ती आणि दोन दुखरे गुडघे घेऊन जमिनीवर बसलो. फरशी गार होती. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.